माळ्यावरची ४५ची पेटी: जुन्या पॉप तबकड्या पुन्हा वाजत्या करताना

जुनं घर रिकामं करताना किंवा माळ्यावरचं सामान उतरवताना सात इंची, बहुतेक मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांची पेटी हाती लागते आणि पहिली ऊर्मी येते ती एखादी लगेच लावून बघण्याची. ती ऊर्मी आवरा, हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसले आहे. कित्येक वर्षं हात न लागलेल्या रेकॉर्डचं जे नुकसान धुळीने आणि दमट हवेने केलेलं नसतं, ते झिजलेली सुई एका फेरीत करते. आणि ते कधीच भरून येत नाही.

माझ्याकडे आली ती बाबांची पेटी. मराठी भावगीतं, कोळीगीतं, गोव्याच्या लॉर्नाची कोंकणी गाणी, उषा उथुप यांच्या त्या अजून उषा अय्यर होत्या तेव्हाच्या इंग्रजी रेकॉर्ड्‌स, आणि साठ-सत्तरच्या दशकातलं विलायती पॉप. मुंबई, पुणे, गोव्याकडच्या बहुतेक पेट्यांत अशीच सरमिसळ असते, म्हणून हे सगळं त्याच हिशेबाने सांगते.

आधी काय जमवायचं

- केराचा मास्क, जुना मऊ रंगाचा ब्रश, वर्तमानपत्रं
- डिस्टिल्ड वॉटर, साधं भांडी घासायचं लिक्विड, दोन-तीन नवे मायक्रोफायबर कपडे
- बारीक तंतूंचा कार्बन फायबर ब्रश (रोजच्या धुळीसाठी)
- पॉलिथिनची किंवा आम्लरहित कागदाची नवी आतली पाकिटं, सात इंची मापाची
- सुईचा दाब मोजायचा छोटा काटा
- मोठ्या भोकाच्या रेकॉर्डसाठी मधला अडॅप्टर
- एक जाड वही आणि मोबाइलचा कॅमेरा

रेकॉर्ड प्लेअर या यादीत मुद्दाम घातलेला नाही. तो चौथ्या पायरीवर येतो.

१. पेटी आहे तशी पाहा, क्रम मोडू नका

मास्क लावा. पावसाळे खाल्लेल्या पेटीत बुरशी असतेच. पेटी उघडली की आधी वरून फोटो काढा, मग एकेक रेकॉर्ड काढताना पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. घाण दिसली म्हणून जुनी पाकिटं फेकू नका. पाकिटाच्या कोपऱ्यात दुकानाचा शिक्का असतो, बॉलपेनने लिहिलेलं नाव असतं, "लग्नाच्या वाढदिवसानिमित्त" अशी ओळ असते, कधी किमतीची चिठ्ठी असते. रेकॉर्ड कुणी, कुठून, कधी घेतली याचा तेवढाच पुरावा उरलेला असतो. आमच्या पेटीत रेकॉर्ड्‌स ज्या क्रमाने होत्या त्या क्रमावरूनच बाबा कोणती गाणी वरचेवर लावत हे मला कळलं: सतत लागणाऱ्या पुढे, आणि त्यांचीच पाकिटं तोंडाशी फाटलेली.

कागदाला कसर लागलेली असेल तर पाकीट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. पेटीत डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ प्लास्टिकला मानवत नाही आणि वास वर्षानुवर्षं जात नाही.

२. ४५, ३३⅓ आणि ७८ वेगळ्या करा

४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी अमेरिकेत आरसीए व्हिक्टरने १९४९ साली आणली. आपल्याकडे ती दोन रूपांत भेटते. इंग्रजी पॉप बहुतेक वेळा दोन गाण्यांची सिंगल, एका बाजूला एक. मराठी, कोंकणी आणि हिंदी गाणी मात्र बहुतेक चार गाण्यांच्या ईपीवर, एका बाजूला दोन. लेबलावर एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन, एंजल, पार्लोफोन अशी वेगवेगळी नावं दिसली तरी ती सगळी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाची, म्हणजे आजच्या सारेगमची. या कंपनीचा कारखाना कोलकात्याजवळ दमदमला होता. पॉलिडोर हे वेगळं घराणं.

इथला पहिला सापळा: सात इंची म्हणजे ४५च, असं धरून चालू नका. आपल्याकडे ३३⅓ फेऱ्यांच्या सात इंची तबकड्याही निघाल्या, "सुपर सेव्हन" छापाच्या. लेबलावरचा वेग वाचा. नाही वाचला तर गाणं धावत सुटेल आणि तुम्ही प्लेअरला दोष द्याल.

दुसरा सापळा जास्त महागात पडतो. पेटीच्या तळाशी दहा इंची, जड, वाकवायला गेलं तर न वाकणाऱ्या तबकड्या असतील तर त्या ७८च्या, लाखेच्या आहेत. त्या पडल्या की फुटतात. त्यांना स्पिरिट लागलं की लाख विरघळते आणि रेकॉर्ड तिथल्या तिथे संपते. त्यांना सुईही वेगळी लागते. म्हणून त्या लगेच बाजूला काढा, उभ्या ठेवा आणि या लेखापुरत्या विसरा. फक्त एक: पार्लोफोनच्या लेबलावर बीटल्सचं नाव असलेली ७८ सापडली तर ती दोन्ही हातांनी धरा. इंग्लंड-अमेरिकेत ७८चा जमाना संपला होता तेव्हाही भारतात बीटल्सची गाणी लाखेच्या तबकड्यांवर निघत होती, आणि जगभरचे संग्राहक त्या शोधत असतात.

मधलं भोक मोठं, साधारण दीड इंचाचं असेल तर ती रेकॉर्ड बहुधा अमेरिकेहून आलेली किंवा ज्यूकबॉक्ससाठीची आहे. तिला अडॅप्टर लागतो. नुसती अंदाजाने मध्यावर ठेवली तर सूर लाटेसारखा वरखाली होतो.

३. सुई: सगळा खर्च वाचवा, इथे वाचवू नका

घरात जुना प्लेअर असेल तर त्याची सुई झिजलेली आहे असंच समजा. त्या काळच्या घरगुती प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) असायचं आणि पुष्कळदा नीलमाची सुई. ती हिऱ्याच्या सुईपेक्षा फार लवकर झिजते. झिजल्यावर तिला कडा येतात आणि ती रेकॉर्डवरची गाण्याची खाच कोरायला लागते. हिऱ्याची चांगली सुई काही शे तास सहज चालते.

जुन्या कार्ट्रिजला बाजूला एक चिमुकली कळ असते, तिच्या एका अंगाला "७८" आणि दुसऱ्या अंगाला "एलपी" असं लिहिलेलं. कळ फिरवली की सुई उलटते. ती ७८वर राहिली असेल आणि तुम्ही ४५ लावलीत तर तिप्पट-चौपट जाड टोक बारीक खाचेत बसवायचा प्रयत्न होतो. लाखेच्या तबकडीसाठी टोक साधारण ७५ मायक्रॉनचं असतं, नव्या बारीक खाचेसाठी १८ ते २५चं. भिंग घेऊन ही कळ आधी तपासा.

जुन्या एकसुरी, म्हणजे मोनो, ४५ रेकॉर्ड्‌ससाठी माझं मत स्पष्ट आहे: गोल टोकाची सुई घ्या. लंबगोल टोक नव्या रेकॉर्डवर जास्त बारकावे काढतं, पण घरात हजारदा वाजलेल्या ईपीवर ते प्रत्येक जुना ओरखडाही तितक्याच निष्ठेने ऐकवतं.

आणि ते चार आण्याचं नाणं. सुई उडी मारायची म्हणून कित्येक घरांत पिकअपवर, म्हणजे सुईच्या हाताच्या टोकावर, नाणं चिकटवलेलं असायचं. तुमच्या प्लेअरवरही असेल तर ते काढा. सुई उडते ती खाचेत घाण असते म्हणून, सुईचा हात मध्येच अडकतो म्हणून किंवा सुई संपलेली असते म्हणून. नाण्याने उडी थांबते खरी, पण वजन खाचेवर पडतं. आजच्या चुंबकी कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम दाब पुरतो. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. काट्याने मोजून तेवढाच ठेवा.

४. जुना प्लेअर दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा

एचएमव्ही फिएस्टा किंवा गॅरार्डचा चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारा प्लेअर) घरात असेल तर तो टाकू नका, पण पहिलं ऐकणंही त्यावर करू नका. रबराचं चाक कडक होतं आणि गाण्याखाली घरघर येते. बेल्टवाला असेल तर आपल्या उन्हाळ्यात बेल्टचा डांबरासारखा चिकट लगदा झालेला असतो. तेलाचं ग्रीस थिजतं, कपॅसिटर खराब होतात. प्लग लावायच्या आधी मेकॅनिकला दाखवा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली या भागात विचारत गेलात तर जुन्या यंत्रांना हात लावणारा माणूस अजूनही भेटतो. सुटे भाग हवे असतील तर चोरबाजार, आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार.

परदेशी राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण तिचा घोळ मी वारंवार पाहते. अमेरिकेतला टर्नटेबल इथे आणला, किंवा बाबांचा प्लेअर न्यू जर्सीला नेला, तर ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेजचा प्रश्न सुटतो, वेगाचा सुटत नाही. अमेरिकेत वीज ६० सायकलची, आपल्याकडे ५०ची. ज्या मोटरचा वेग विजेच्या सायकलवर ठरतो ती इथे हळू पडते: ४५चे साडेसदतीस होतात. उलट इथला प्लेअर तिथे ५४ने पळतो. अशा यंत्राला दुसऱ्या मापाची पुली बसवावी लागते. विजेच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या डीसी मोटरला ही अडचण नाही.

नवा घेणार असाल तर सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर दिसायला गोड असतात, पण त्यांतल्या बहुतेकांत सिरॅमिक कार्ट्रिज असतं, दाब चार-पाच ग्रॅमच्या घरात जातो आणि तो कमी करायची सोयही नसते. एखाद-दुसरी रेकॉर्ड ऐकायला ठीक. वडिलांची पेटी त्यावर चालवू नका. हाताला मागे वजन असलेला, दाब ठरवता येणारा, कार्ट्रिज बदलता येणारा साधा टर्नटेबल घ्या.

जोडणीतला नेहमीचा गोंधळ: चुंबकी कार्ट्रिजचा आवाज जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो थेट ॲम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये दिला तर बारीक, खर्ज नसलेला ऐकू येतो. मध्ये तो आवाज वाढवणारा फोनो प्रीॲम्प हवा. पुष्कळ नव्या टर्नटेबलमध्ये तो आतच असतो आणि मागे "फोनो / लाइन" अशी कळ असते. आतला आणि बाहेरचा दोन्ही चालू ठेवलेत तर आवाज फाटतो.

वेग तपासायला पट्ट्यापट्ट्यांची छापील स्ट्रोब चकती मिळते. आपल्या ५० सायकलच्या विजेवर ३३⅓साठी तिच्यावर १८० पट्ट्या असतात. साध्या पिवळ्या बल्बच्या उजेडात त्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. एलईडीखाली हा प्रयोग पुष्कळदा जमत नाही.

५. धुवा, पण सावकाश

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. कोरड्या कपड्याने पुसून रेकॉर्ड स्वच्छ होत नाही, धूळ खाचेत आणखी खोल दाबली जाते.

आधी कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ झटका. अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिक्विडचा एकच थेंब घाला. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना नीट सांगा, कारण तिथेच शेजारी बॅटरीचं ॲसिडही विकायला असतं. नळाचं पाणी शेवटच्या हाताला वापरू नका. वाळल्यावर त्यातले क्षार खाचेत बसतात आणि तुम्ही जी खरखर घालवायला निघालात तीच परत येते.

स्वच्छ टॉवेल पसरा, त्यावर रेकॉर्ड ठेवा. लेबलाला पाणी लागू देऊ नका. जुन्या लेबलांची शाई पसरते. ओला मायक्रोफायबर खाचेच्या दिशेने, म्हणजे गोल गोल फिरवा. आडवा कधीच नाही. तिरप्या उजेडात पाहिलंत तर खाचेतून पांढुरकी साय सुटताना दिसते. ती बुरशी. तिला सुटायला दोन-तीन मिनिटं ओलं राहू द्या, मग पुन्हा फिरवा. नंतर निव्वळ डिस्टिल्ड वॉटरने दुसऱ्या कपड्याने साबण काढा, टिपा, आणि भांड्यांच्या जाळीत उभी वाळवा. पंख्याखाली चालेल. उन्हात नाही.

बुरशी हट्टी असेल तर व्हायनलवर, म्हणजे लाखेच्या नसलेल्या प्लास्टिकच्या रेकॉर्डवर, पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून चालतं. पण रेकॉर्ड व्हायनलची आहे याची खात्री झाल्याशिवाय बाटली उघडूच नका. रॉकेल, कोलन वॉटर, खोबरेल, फर्निचरचं पॉलिश हे सगळे घरगुती उपाय कुणीतरी प्रेमाने सुचवेल. नम्रपणे नकार द्या.

वाकलेली रेकॉर्ड दोन सपाट काचांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या आणि काही आठवडे विसरून जा. ओव्हन, इस्त्री, उन्हात तापवणं यांनी तबकडी सपाट होते आणि खाचा बिघडतात. थोडी लवलेली ईपी सुई न उडता वाजत असेल तर तिला तशीच राहू द्या.

६. ऐका, आणि कशाकडे कान द्यायचा ते ठरवून ऐका

पहिली लावा ती पेटीतली सगळ्यात कमी लाडकी. सुई, दाब, वेग, जोडणी सगळं तिच्यावर पारखून घ्या.

ईपीवर एक गोष्ट हमखास जाणवेल. बाजूचं पहिलं गाणं मोकळं वाजतं, दुसऱ्या गाण्यात "स" आणि "श" फुसफुसायला लागतात. रेकॉर्ड खराब आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. सुई लेबलाच्या जवळ जाते तसा घेर लहान होतो, तेवढ्याच वेळात कमी लांबीची खाच सुईखालून जाते आणि वरचे स्वर दाटीवाटीने कोरलेले असतात. चार गाण्यांच्या ईपीत दुसरं गाणं नेमकं त्याच आतल्या भागात येतं. कार्ट्रिज सरळ बसलं आहे का ते तपासा. निम्मी फुसफुस तिथेच जाते. पहिल्या गाण्यातही ती असेल तर मात्र जुन्या सुईने खाच खाल्लेली आहे, आणि त्यावर इलाज नाही.

ॲम्प्लिफायरवर मोनोची कळ असेल तर ती दाबा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. धूळ आणि झीज सुईला उभीही हलवतात. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती उभी हालचाल एकमेकीला खोडते आणि मागची खरखर एकदम खाली बसते. मला हा फरक कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा मोठा वाटतो, आणि तो फुकट आहे.

एकाच बैठकीत पेटी संपवू नका. सिंगल हा प्रकारच असा आहे की तीन मिनिटांनी उठावं लागतं, बाजू बदलावी लागते. उलटी बाजू जरूर ऐका. लॉर्नाच्या रेकॉर्ड्‌सवर ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदातलं ट्रंपेट मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण मागे चाललेला डबल बास पहिल्यांदा ऐकला तो रेकॉर्ड धुवून, नवी सुई लावून, मोनो कळ दाबल्यावर. गाणं इतकं मोठं आहे हे तेव्हा कळलं.

७. वहीत नोंद करा

प्रत्येक रेकॉर्डला एक ओळ: गायक, गाणी, कंपनी, लेबलावरचा क्रमांक, वेग, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर कोरलेला क्रमांक. हा कोरलेला क्रमांक तिरप्या उजेडातच दिसतो. एकच रेकॉर्ड वेगवेगळ्या वेळी पुन्हा छापली गेली असेल तर फरक तिथे कळतो. शेवटी अवस्था लिहा: कुठे उडते, कुठे अडकते, कुठलं गाणं स्वच्छ आहे. पाकिटावरची अक्षरं आणि दुकानाचा शिक्काही लिहा.

डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्‌सची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर क्रमांक शोधून पाहा. इंग्रजी रेकॉर्ड्‌स बहुतेक सापडतील, मराठी आणि कोंकणी सगळ्या नाही सापडणार. तिथे नसलेली तुमच्याकडे असेल तर फोटोसकट भर घाला. अडलं तर १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींना विचारा. आपल्याकडच्या लेबलांचं आणि क्रमांकांचं ज्ञान जाहिरातींपेक्षा अशा माणसांकडे आहे.

किमतीच्या आशेने बघत असाल तर सांगते: गाजलेल्या गाण्यांच्या ईपी भरपूर छापल्या गेल्या होत्या, त्यांना फारसा भाव येत नाही. भाव येतो तो न खपलेल्या रेकॉर्ड्‌सना.

८. संगणकावर उतरवून घ्या

प्रीॲम्पमधून यूएसबी इंटरफेसवर, तिथून ऑडॅसिटीत. हा प्रोग्राम मोफत आहे. २४ बिट, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या जागीही लाल रेषेच्या बरीच खाली ठेवा. दोन्ही वाहिन्या तशाच नोंदवा, मोनो नंतर करता येतं. मूळ फाइलला हात लावू नका, खरखर काढायची ती प्रतीवर. आणि थोडीच काढा. यंत्राला हाणत बसलं की झांजा आणि श्वासही निघून जातात.

उतरवलेलं गाणं घरात ऐकणं वेगळं आणि यूट्यूबवर चढवणं वेगळं. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. पण कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणून रेकॉर्ड जुनी असली तरी गाणं मोकळं झालेलं असेलच असं नाही.

९. परत ठेवताना

उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. आतलं पाकीट नवं, जुनं छापील पाकीट त्याच्या पाठीशी. पीव्हीसीची जाड पारदर्शक पाकिटं टाळा, त्यांनी व्हायनलवर ढगाळ डाग पडतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच येते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या दर पावसाळ्याआधी बदला. गाडीत उन्हाळ्यात रेकॉर्ड्‌स ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडीत त्या तासाभरात वाकतात.

दिवाळीच्या आवराआवरीत पेटी एकदा उघडा. पाकिटं हुंगा. कुबट वास आला तर त्या दिवशीच रेकॉर्ड्‌स बाहेर काढून सावलीत हवेशीर ठेवा आणि ज्यांच्यावर पांढरं दिसेल तेवढ्या पाचव्या पायरीप्रमाणे धुवा.